पाण्यात म्हैस, बाहेर मोल: न्यू जर्सीतलं जुनं घर आणि जमिनीखालची तेलाची टाकी

आम्ही ते घर बघायला गेलो तेव्हा बायको स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत होती आणि मी बेसमेंटमध्ये उतरलो होतो. बॉयलरमागच्या भिंतीतून करंगळीएवढ्या दोन तांब्याच्या नळ्या बाहेर आल्या होत्या, टोकं चेपून दुमडलेली. हे काय, म्हणून विचारलं तर विकणाऱ्यांच्या एजंटबाई म्हणाल्या, "काही नाही, जुनं काहीतरी असेल. या घराला गॅस आहे."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. घराला गॅस होता, नळ्याही जुन्याच होत्या. फक्त त्या नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे हिरवळीखाली, ५५० गॅलनची लोखंडी टाकी पुरलेली होती. ती सापडायला तीन आठवडे गेले आणि निस्तरायला त्याहून पुष्कळ जास्त.

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा काढतात, फेरफार बघतात, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतात. भीती सगळी कागदाची असते: वारस, बोजा, कूळ. इथे ते काम टायटल कंपनी करते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण न्यू जर्सीच्या जुन्या घराचा बोजा मातीत असू शकतो. टायटल कंपनी माती उकरत नाही, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या दिवशी सही झाली की तो बोजा तुमचा. मी वकील नाही, मातीतला तज्ज्ञही नाही. एकदा घेणारा म्हणून आणि एकदा मित्राचं घर विकताना त्याच्या शेजारी बसून हे सगळं पाहिलं, तेवढ्या आधारावर पहिलं घर घेणाऱ्यांसाठी लिहितोय.

टाकी तिथे आलीच कशी

अमेरिकेच्या ईशान्येकडची घरं आधी कोळशावर तापायची. साधारण १९२० नंतर कोळसा जाऊन तेल आलं. हे तेल म्हणजे डिझेलचाच सख्खा भाऊ. ट्रक यायचा, बाहेरच्या नळाला होज लावायचा आणि टाकी भरून जायचा. टाकी बेसमेंटमध्ये ठेवली तर जागा खाते, म्हणून ऐपत असलेल्यांनी ती अंगणात पुरली. त्या काळी ती सोयीची, नीटनेटकी गोष्ट समजली जायची.

मग गॅस आला. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासचं तेल पूर्वेकडे आणायला सरकारने दोन प्रचंड पाइपलाइन टाकल्या होत्या. त्यातल्या धाकटीचं टोक आपल्या लिंडनमध्ये होतं, विमानतळाकडून टर्नपाइकने दक्षिणेला येताना टाक्यांचं जंगल लागतं, तेच लिंडन. १९४७ साली त्या दोन्ही पाइपलाइन विकल्या गेल्या आणि त्यांतून नैसर्गिक वायू वाहू लागला. पुढे १९७३ च्या तेलसंकटात तेलाचे भाव भडकले आणि घरोघरी लोक गॅसकडे वळले. बॉयलर बदलला, नळ्या कापल्या, टाकी राहिली तिथेच राहिली. ती काढायला पैसे कोण घालवणार? कुणी उरलेलं तेल उपसलं, कुणी तेही केलं नाही.

लोखंड आणि ओली माती यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको. या टाक्यांना गंजरोधक लेप बहुधा नसायचा. पेट्रोल पंपांच्या टाक्यांवर १९८४ पासून केंद्र सरकारचा कायदा आहे, पण घर तापवायला तिथल्या तिथे वापरायच्या तेलाच्या टाक्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणून त्यांची कुठे नोंदवही नाही. कुठल्या अंगणात काय पुरलंय हे कुणालाच धड माहीत नाही.

ऑफर देण्याआधी

घराचं वय बघा. एडिसनचा जुना भाग, मेटचन, ब्लूमफील्ड, मॉन्टक्लेअर, टीनेक, मेपलवुड, अशा गावांत १९२० ते १९७० दरम्यानची घरं ओळीने उभी आहेत. तिथे टाकी आहे असं धरूनच चाला आणि नसल्याचं सिद्ध झालं तर आनंद माना. प्लेन्सबरोसारख्या ठिकाणी ऐंशीच्या दशकानंतर उठलेल्या टाउनहाउसच्या वसाहतींत हा प्रश्न क्वचितच येतो. एक मेख मात्र लक्षात ठेवा. जुनं घर पाडून त्याच जागी नवंकोरं घर बांधलेलं असेल, तर घर नवं असलं तरी जमीन जुनीच आहे.

मग बाहेरून एक चक्कर मारा. घराच्या भिंतीलगत जमिनीतून वर आलेला, वर टोपी किंवा वाकडं तोंड असलेला लोखंडी नळ दिसला तर तो बहुधा टाकीचा श्वास, म्हणजे व्हेंट पाइप. तेल भरताना टाकीतली हवा त्यातून बाहेर पडते आणि आत बसवलेली शिट्टी वाजत राहते. शिट्टी थांबली की ट्रकवाल्याला कळायचं, टाकी भरली. भरायचा नळ जाड असतो, त्याचं झाकण जमिनीच्या पातळीला, कधी गवतात बुडालेलं. पायाने गवत चाचपायला लाजू नका.

बेसमेंटमध्ये काय बघायचं? तांब्याच्या नळ्या, मी पाहिल्या तशा. भिंतीत सिमेंटने बुजवलेली गोल भोकं. बॉयलरजवळच्या जमिनीवर खाचेसारखी लांबट डागडुजी, कारण नळ्या कधीकधी फरशीखालून नेत. तेल किती उरलं हे दाखवणारं एखादं जुनं काचेचं मीटर. चिमणी आहे पण तिला काहीच जोडलेलं नाही, हीसुद्धा खूण. आणि वास. डिझेलचा वास एकदा नाकात बसला की चुकत नाही.

घर दुरुस्त करून चटकन विकायला काढलेलं असेल तर या खुणा नव्या ड्रायवॉलमागे गेलेल्या असतात. बेसमेंट जितकं चकाचक, तितकं बाहेरचं अंगण बारकाईने बघा.

विकणाऱ्याने भरलेला जाहीरनामाही मागून घ्या. ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत घराच्या स्थितीची माहिती ठरावीक फॉर्मवर लेखी देणं विकणाऱ्याला बंधनकारक झालंय आणि जमिनीखालच्या टाक्यांचा प्रश्न त्यात आहे. पण प्रश्न "तुम्हाला माहीत आहे का" असा असतो. ज्याने १९९५ साली गॅसवर असलेलं घर घेतलं, तो प्रामाणिकपणे "माहीत नाही" असं लिहितो. त्या उत्तरावर विसंबून झोपू नका.

तीन दिवस वकिलाचे

इथे एजंटने बनवलेल्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या की तीन कामाचे दिवस अटर्नी रिव्ह्यूचे असतात. या मुदतीत कुठल्याही बाजूचा वकील करार नामंजूर करू शकतो, दुरुस्त्या सुचवू शकतो. टाकीची लढाई खरी इथे जिंकायची असते. पुढच्या टप्प्यांवर तुमच्या हातात काय उरेल ते इथे लिहिलेल्या चार ओळी ठरवतात.

आपल्या वकिलाला स्पष्ट सांगा, मला टाकीचं वेगळं कलम हवं. त्यात एवढं यायला हवं: घेणाऱ्याला टाकी शोधण्याची मुभा. टाकी निघाली तर विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, परमिट काढून, ती काढायची. माती दूषित निघाली तर सफाई त्याची, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याकडून, म्हणजे डीईपीकडून, नो फर्दर ॲक्शनचं, म्हणजे आता आणखी काही करायला नको असं पत्र त्याने आणून द्यायचं. आणि हे त्याला जमणार नसेल तर घेणाऱ्याने डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडायचं. आधी टाकी काढून झाली असेल तर तिचे कागद मागायचा हक्कही त्यातच घाला.

"घर आहे त्या स्थितीत" या अटीवर विकलं जात असेल तर पुष्कळांना वाटतं, आता काही विचारायची सोय नाही. तसं नाही. दुरुस्तीची मागणी करणार नाही असं तुम्ही म्हणू शकता, पण शोधून बघायचा आणि नको असेल तर सोडून जायचा हक्क राखून ठेवता येतो. स्पर्धेच्या बाजारात, वीस ऑफर आलेल्या घरासाठी, लोक हा हक्कही सोडतात. मी सोडणार नाही. किंमत दहा हजारांनी वाढवून दिली तर आकडा कळतो तरी. हा हक्क सोडला तर आकडाच माहीत नसतो.

एवढी भीती का, तर न्यू जर्सीचा १९७६ चा स्पिल ॲक्ट, म्हणजे तेल-रसायनांच्या गळतीवरचा कायदा. या कायद्यात चूक कुणाची हा प्रश्न दुय्यम आहे. जमीन ज्याची, सफाईसाठी सरकार त्याच्या दारात येतं. मग मागच्या मालकाकडून वसुलीसाठी तुम्ही खुशाल कोर्टात जा. तो तोवर फ्लोरिडात असतो, किंवा वर.

टाकीचा शोध: स्वीप

होम इन्स्पेक्शनच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये टाकीचा शोध सहसा नसतो. तो वेगळा सांगावा लागतो आणि त्याला काहीशे डॉलर पडतात. सगळ्या व्यवहारात इतक्या थोड्या पैशांत इतकी मोठी झोप दुसरीकडे मिळत नाही.

येणारा माणूस आधी धातुशोधक यंत्र घेऊन अंगण पट्ट्यापट्ट्यांनी पिंजतो. शंका आली तिथे जमिनीत रडार सोडतो. लहान मुलांच्या ढकलगाडीसारखं यंत्र असतं, पडद्यावर लाटा दिसतात. टाकीची लाट कमानीसारखी येते. ५५० गॅलनची टाकी म्हणजे साधारण चार फूट व्यासाचा, सहा फूट लांबीचा नळकांडा, पोटात दोन हजार लिटरहून जास्त तेल मावेल असा. हजार गॅलनची याच जाडीची पण पावणेअकरा फूट लांब. एवढं धूड लपत नाही असं वाटतं, पण लपतं. सळ्या घातलेलं काँक्रीट, तारेचं कुंपण, उभी गाडी यांनी धातुशोधक गोंधळतो. चिकणमाती ओली असेल तर रडार आंधळं होतं. मागाहून वाढवलेल्या खोलीखाली किंवा बुटक्या डेकखाली यंत्र जातच नाही. म्हणून त्या दिवशी ड्राइव्हवेवर गाडी नको, आणि स्वीपवाल्याबरोबर स्वतः हजर राहा. कुठे बघता आलं नाही हे त्याच्या अहवालात लिहून घ्या. "टाकी सापडली नाही" एवढ्यावर भागत नाही, "इथे, इथे बघता आलं नाही" हेही हवं.

आणखी एक. शोधणारा आणि काढणारा एकच नको. ज्याला टाकी काढायचं काम मिळणार आहे त्यानेच टाकी शोधावी यात मला तरी गंमत वाटते. फक्त शोधण्याचंच काम करणाऱ्या लहान कंपन्या आहेत, त्यांना बोलवा.

स्वीपच्या बरोबरीने टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्राचा अर्ज टाका. हा आपल्या माहितीच्या अधिकाराचा इथला भाऊ. त्या पत्त्यावरची सगळी बांधकाम परमिटं, टाकी काढल्याची, जागेवर बंद केल्याची, तेलाचं गॅसवर नेल्याची, सगळी मागा. उत्तर साधारण सात कामाच्या दिवसांत येतं. आमच्या घराच्या फायलीत गॅस जोडणीचं परमिट होतं, टाकीचं एकही नव्हतं. तेवढ्यावरून वकिलाच्या भुवया वर गेल्या. स्वीपचा अहवाल त्यानंतर आला.

सापडली. आता?

पहिलं म्हणजे घाबरून पळू नका. दुसरं, तिची हकीगत कुठल्या जातीची आहे ते ठरवा.

टाकी पूर्वीच काढलेली आहे आणि परमिट बंद झाल्याचा शिक्का, मातीच्या तपासणीचा अहवाल, टाकी भंगारात दिल्याची पावती, सगळं आहे. उत्तम, पुढे चला. परमिट काढलं पण शेवटची तपासणी झालीच नाही असंही निघतं. ते विकणाऱ्याने टाउनशिपकडे जाऊन बंद करून आणायचं काम आहे, क्लोजिंगआधी.

टाकी जागेवरच बंद केलेली आहे. म्हणजे वरून कापून, तेल उपसून, आतून पुसून, वाळूने किंवा फोमने भरलेली. रीतसर परमिटने केलेलं असेल तर ते कायदेशीर आहे. पण वाळू भरली म्हणून ती त्याआधी गळलीच नव्हती असं होत नाही. जुन्या काळी असं करताना खालची माती तपासायची पद्धत नव्हती. त्यामुळे आज घेणारे, आणि पुष्कळदा कर्ज देणारेही, वाळूची टाकीसुद्धा बाहेर काढायला लावतात. वाळूने भरलेली टाकी काढणं रिकामीपेक्षा कष्टाचं, म्हणजे महाग. मला विचाराल तर, खालच्या मातीचा अहवाल नसेल तर बंद टाकीला चालू टाकीइतकंच संशयाने बघा.

टाकी अजून वापरात आहे. मग विकणारा म्हणेल, दाबाची चाचणी करून देतो. टाकी आज हवाबंद आहे का, एवढंच ती चाचणी सांगते. काल गळाली आणि मातीत मुरलं त्याबद्दल ती मुकी.

आणि शेवटची जात आमची: कुणालाच माहीत नव्हती अशी. इथे एक पेच येतो तो समजून घ्या. तुम्ही म्हणाल, बाजूला भोक पाडून मातीचा नमुना घेऊ. विकणाऱ्याचा वकील त्याला नको म्हणतो, कारण गळती सापडली की ती डीईपीला तात्काळ कळवावी लागते. मग तुम्ही व्यवहार सोडलात तरी त्याच्या घरावर सरकारी केस नंबर लागलेला राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गणित इथल्या विकणाऱ्यालाही पाठ असतं. त्याचा राग मानू नका. पण नमुना नाही आणि टाकी काढणंही नाही, असं म्हणत असेल तर उठा.

खड्ड्याचा दिवस

टाकी काढायला डीईपीचं प्रमाणपत्र असलेला कंत्राटदारच लागतो. कुणाच्या तरी ओळखीतला जेसीबीवाला चालत नाही. प्रमाणपत्र चालू आहे का ते डीईपीच्या वेबसाइटवर बघता येतं. टाउनशिपचं परमिट तो काढतो. खोदण्याच्या किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करावा लागतो, मग गॅस, वीज, पाणी, केबलवाले येऊन आपापल्या वाहिन्यांवर रंगीत रेघा मारून जातात. फुकट.

आमच्या वेळी आम्ही घेणारे होतो, काम विकणाऱ्यांनी करवलं, तरी मी रजा काढून कडेला उभा राहिलो. वकिलाने आधीच तशी परवानगी मागून ठेवली होती. सकाळी वरची माती काढली, टाकीच्या पाठीवर चौकोनी खिडकी कापली. उरलेलं तेल आणि पाणी पंपाने ट्रकमध्ये ओढलं. मग एक माणूस आत शिरून बुडाचा काळा चिखल पुसून काढू लागला. रिकामी झालेली टाकी यंत्राने साखळीला लावून उचलली तेव्हा ती तर शाबूत दिसत होती. विकणारे गृहस्थ हसले. कंत्राटदाराने खरवडणीने बुडाचा गंज ओढला आणि सुईच्या अग्राएवढी भोकं उघडी पडली. मी मोजली, अकरा.

टाउनशिपचा इन्स्पेक्टर खड्डा उघडा असताना येऊन बघून जातो. त्याआधी कुणी खड्डा बुजवू लागलं तर थांबवा. आणि भोकं दिसोत वा न दिसोत, टाकीच्या बुडाखालच्या मातीचे नमुने त्याच दिवशी प्रयोगशाळेत जायला हवेत. इन्स्पेक्टरच्या डोळ्यांना आणि नाकाला सगळं कळत नाही. गळतीचं चिन्ह दिसत नसेल तर "कायद्याने गरज नाही" असं कंत्राटदार म्हणेल. गरज कायद्याला नसेल, तुम्हाला आहे. पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील हाच कागद मागणार. खड्डा बुजल्यावर तोच नमुना घ्यायला दुप्पट खटाटोप पडतो.

फोटो काढा. टाकी वर येताना, तिचं बूड, खड्ड्याचा तळ, भिंतीपासूनचं अंतर टेप लावून. बेसमेंटमधल्या नळ्याही त्याच दिवशी काढून भोकं बुजवून घ्या, नाहीतर पुढचा घेणारा त्याच नळ्या बघून तुम्हालाच तो प्रश्न विचारेल.

साध्या, न गळलेल्या टाकीचं हे काम एका दिवसाचं आणि काही हजार डॉलरांचं.

गळती निघाली तर

डीईपीची हॉटलाइन आहे, १-८७७-वॉर्न-डीईपी, म्हणजे १-८७७-९२७-६३३७. फोन केला की केस नंबर मिळतो. सहसा कंत्राटदारच करतो, पण नंबर तुम्ही लिहून घ्या.

मग दूषित माती किती पसरलीय ते चारी बाजूंनी आणि खाली नमुने घेऊन शोधतात, ती उपसून ट्रकने परवानगी असलेल्या जागी नेतात, बाहेरून स्वच्छ माती आणून खड्डा भरतात. शेवटचे नमुने स्वच्छ आले की अहवाल डीईपीकडे जातो आणि तिथून नो फर्दर ॲक्शनचं पत्र येतं. माती थोडी असेल तर दहा-वीस हजारांत भागतं. तेल घराच्या पायाखाली शिरलं असेल तर पायाला टेकू देऊन खोदावं लागतं आणि आकडा भराभर चढतो. भूजलाला लागलं असेल तर विहिरीसारख्या नळ्या उतरवून पाणी पुन्हा पुन्हा तपासतात, प्रकरण वर्षावर जाऊ शकतं आणि खर्च लाखाच्या घरात. शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं तर शेजारीही आला.

पत्र यायला महिने लागतात आणि क्लोजिंग तर दीड-दोन महिन्यांवर ठरलेलं असतं. इथे तीन वाटा असतात. थांबा. सोडा. किंवा एस्क्रो ठेवून क्लोजिंग करा, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातली एक रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवायची आणि पत्र आल्यावर सोडायची. एस्क्रोची रक्कम अंदाजाच्या दीडपट तरी मागा आणि बँकेला हे चालतं का ते आधी विचारा. माती उपसून झाली, शेवटचे नमुने स्वच्छ आले, फक्त पत्र यायचं बाकी आहे, एवढ्यात एस्क्रो ठीक. पाण्याचा प्रश्न लोंबकळत असेल तर कितीही मोठ्या एस्क्रोवर मी सही करणार नाही. भूजलाचा शेवटचा आकडा त्या टप्प्यावर कुणालाच सांगता येत नाही, सांगणाऱ्यालाही.

आम्ही थांबलो. कर्जाच्या व्याजाचा दर राखून ठेवलेली मुदत दोनदा वाढवली, त्याचे पैसे विकणाऱ्यांकडून मागितले आणि त्यांनी कुरकुरत दिले. भाड्याच्या घराची मुदत संपली म्हणून सात आठवडे खोक्यांसकट मित्राच्या बेसमेंटमध्ये काढले. त्यांच्याकडे टाकी नव्हती, मी तपासलं.

विम्याचं

घराच्या आजच्या पॉलिसीत प्रदूषण बहुतेक वगळलेलं असतं, आणि जमिनीखाली चालू टाकी आहे म्हटल्यावर काही कंपन्या पॉलिसीच देत नाहीत. पण विकणाऱ्याच्या जुन्या पॉलिसी, विशेषतः कित्येक वर्षांपूर्वीच्या, सोन्याच्या निघू शकतात. त्यांत स्वतःच्या मातीचं नुकसान भरून मिळत नसलं तरी दुसऱ्याच्या मालमत्तेचं मिळतं, आणि भूजल हे मालकाचं नसून जनतेचं मानलं जातं. म्हणून तेल पाण्यापर्यंत पोहोचलं असेल तर दावा उभा राहू शकतो. वयस्कर विकणाऱ्यांना माळ्यावरची कागदांची खोकी फेकू नका म्हणून सांगा. कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असलेली एक पावतीसुद्धा उपयोगी पडते.

विकणाऱ्यांना थोडक्यात

आपल्यातले पुष्कळ जण आता पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेली घरं विकून लहान घरात चाललेत. त्या वेळी स्वीप वगैरे कुणी फारसं करत नव्हतं. घर बाजारात आणायच्या सहा महिने आधी स्वतःच स्वीप करवून घ्या. टाकी निघाली तर तुमच्या वेळेने, तीन ठिकाणचे दर मागवून काढता येईल. हेच काम घेणाऱ्याच्या वकिलाची मुदत मानेवर असताना केलंत तर पहिला भेटेल त्या कंत्राटदाराला मागेल ते द्यावं लागतं. माझ्या मित्राने आधी काढली, माती स्वच्छ निघाली, आणि परमिट बंद झाल्याचा कागद त्याने घर दाखवायच्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. बघायला आलेल्यांनी ओट्याच्या ग्रॅनाइटपेक्षा तोच जास्त बघितला.

टाकी बेसमेंटमध्ये, जमिनीवर असेल तर प्रकरण कितीतरी सोपं. ती बहुधा २७५ गॅलनची असते, कापून बाहेर काढतात. पण ती काढलीत तर बाहेरचा भरायचा नळही काढा. नळ राहिला, टाकी गेली, आणि चुकीच्या पत्त्यावर आलेल्या तेलवाल्याने होज लावून थेट बेसमेंटच्या जमिनीवर तेल ओतलं, असं खरोखर घडतं.

न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया इथेही याच काळातल्या टाक्या आहेत, पश्चिमेला सिॲटल-पोर्टलंडकडेही. तिथले कायदे वेगळे. शोधायची रीत तीच, पण कलमं आणि पत्रांची नावं तिथल्या वकिलाकडून समजून घ्या.

कागद आणि माती

क्लोजिंगनंतर एक जाड फाइल करा: परमिट आणि ते बंद झाल्याचा दाखला, प्रयोगशाळेचे अहवाल, उपसलेल्या तेलाची आणि मातीची वाहतूक चिठ्ठी, टाकीच्या भंगाराची पावती, केस नंबर, नो फर्दर ॲक्शनचं पत्र, फोटो. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत घराच्या दस्तांबरोबर. कंत्राटदाराकडे दहा वर्षांनी प्रत मागायला जाल तेव्हा तो धंद्यात असेलच असं नाही.

खड्डा भरल्यावर माती जवळजवळ वर्षभर खाली बसत राहते. त्यामुळे तिथे लगेच फरशी, पायवाट किंवा शेड घालू नका. भरताना जमीन थोडी उंचच ठेवायला सांगा, पहिल्या हिवाळ्यानंतर खड्डा पडला तर दोन-चार गोणी माती टाका आणि गवताचं बी सप्टेंबरात पेरा. आम्ही घाईने मे महिन्यात पेरलं, ते जुलैत जळून गेलं.